बारा पौंडांचा चाप

वर्ना कील सदुसष्ट वर्षांची आहे. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावात तिने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. आरशातली तिची नजर चुकवतच माझी पिढी मोठी झाली.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली एक लढाई आमची हौशी पलटण दर जूनमध्ये नदीकाठच्या कुरणात प्रेक्षकांसमोर पुन्हा लढते. तिथे छावणीच्या चुलीवर वर्ना सहा वर्षं रस्सा ढवळत होती. गेल्या वर्षी तिला रांगेत जागा मिळाली. बंदूक तिने स्वतः विकत घेतली: चकमकीच्या ठिणगीने उडणारी, जुन्या नमुन्यावर नवी घडवलेली. आत नुसती दारू भरायची, गोळी नाही.

पहिल्या फैरीत सगळ्यांचे बार एकदम उडाले. वर्नाचा तीन सेकंद उशिरा. प्रेक्षक हसले.

यंदा सरावाला कप्तान मर्ल म्हणाला, "बोटं थकली तुझी. पातेलं सांभाळ. तुझ्या हातची चव दुसऱ्या कुणाला नाही."

"माझी बोटं? हा चाप ओढून बघ आधी!"

"मग घोडा अडकतो ती आतली खाच कानसून टाक. मी माझी कानसली. पाच मिनिटांचं काम, लोण्यासारखा चालतो."

"आणि अर्धा चढवलेला घोडा टिकला नाही, बार आपोआप उडाला तर? शेजारच्याचं तोंड भाजलं तर?"

"बस चालवायचीस ना तू? बंदुकीतलं मला शिकवू नकोस."

घरी तिने मासे तोलायचा काटा चापाला अडकवून ओढला. बारा पौंड.

"बारा! आणि म्हणे बोटं!" काटा भिंतीवर आदळला.

आतलं दिसावं म्हणून मी दिवा धरून उभा. चाप ज्या खिळीवर फिरतो ती फार पुढे ठोकलेली होती, त्यामुळे तरफेला जोरच नव्हता. वर्नाने जुनं भोक लाकडाने बुजवलं, नवं मागे पाडलं. कडक स्प्रिंग थोडी घासून पातळ केली. खाचेला हात लावला नाही. मी चार वर्षं साहित्य शिकलो, पण त्या दुपारी मर्लला पडल्या तितक्या नेमक्या शिव्या मला कुठल्या पुस्तकात भेटल्या नव्हत्या.

काटा पुन्हा लावला. साडेपाच.

लढाईच्या सकाळी तपासणी झाली. घोडा अर्ध्यावर चढवायचा आणि अख्खी बंदूक चापाने उचलायची. घोडा पडला, तर तो माणूस मैदानाबाहेर. मर्लने वर्नाची बंदूक उचलली. हिसडली. पुन्हा हिसडली. घोडा हलला नाही.

"ठीक आहे," तो पुटपुटला.

"आता तुझी."

"कप्तानाची कोणी तपासत नाही."

"का? कप्तानाची दारू थंड असते?"

अख्खी रांग मर्लच्या बंदुकीकडे बघू लागली. त्याला ती द्यावीच लागली. वर्नाने एक बोट चापात घालून ती उचलली.

खट्. घोडा पडला.

"जरा झिजलं असेल," मर्ल म्हणाला. कान लाल.

"झिजलं नाही, कानसलंस! आणि असली बंदूक घेऊन शेजारी माणसं उभी करतोयस, मूर्खा!" तिने बंदूक त्याच्या छातीवर टेकवली. "रस्सा चुलीवर आहे. तळाला लागू देऊ नकोस."

फैर एकसाथ उडाली. धुरात मला वर्ना दिसत नव्हती. ऐकू मात्र येत होती. अजून शिव्याच देत होती.