बायजीच्या दंडातला खड्डा

रानशेतच्या पाड्यात बोलवा उठली, की बायजीच्या दंडाचं मांस देवानं खाल्लं. नळावर भिकी आवाज खाली आणून सांगायची, "पांढरा डाग बघितलास का? महारोग हाय तो. तिच्या हातचं पाणी नको पिऊ."

तसं काही नव्हतं. चिकूच्या वाडीत वर्षानुवर्षं चिकू उतरवून बायजीचा खांदा धरला होता. वेवजी गावात एक बिनपाटीचा डॉक्टर जोरदार सुई द्यायचा, आणि सुई देत नाही त्याला आमच्याकडे डॉक्टर म्हणत नाहीत. बायजीनं चारदा सुई घेतली. चारही वेळा दंडावर तेच बोट ठेवून म्हणाली, "दुखतं तिथंच मार." दुखणं थांबलं. मग कातडी कागदासारखी झाली, आतली चरबी आटली आणि लिंबू मावेल एवढा खड्डा पडला.

खड्ड्याचं तिला काही नव्हतं. पण माघात तिच्या भाचीचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, संगिताचं लग्न होतं. भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहायला कोणत्या सवाशिणी बसणार, हे ठरवणार होती लग्न लावणारी धवलेरी. आणि धवलेरी म्हणजे हीच भिकी.

सतरा सालच्या दिवाळीनंतर बायजी डहाणूला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"ही औषधाची करणी, देवाची नाही," बाई म्हणाल्या. "दर आठवड्याला मिठाच्या पाण्याची सुई घ्यायची. सात-आठ तरी."

"सुईनं नेलं ते सुईच परत देणार?"

"थोडंफार देईल. रंगाला मात्र वर्ष लागेल."

दर बुधवारी मजुरीचा रोज बुडायचा, जीपमध्ये दंड दाबला जायचा. पाचव्या बुधवारी ती म्हणाली, "भरू दे नाहीतर राहू दे. मी दमले."

तरी सहाव्याला निघाली. गुडघा धरून भिकीही जीपमध्ये चढली.

"मलापण सुई द्या," भिकी डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "वेवजीवाल्यानं दोन दिल्यात, तशीच."

बाईंनी गुडघा उजेडात धरला. तिथं रुपयाएवढा पांढरट डाग होता, मधे बोट टेकलं तर खाली जाणारा. बाईंनी बायजीचा दंड त्याच्या शेजारी आणला. परतताना भिकी जीपभर पदरानं गुडघा झाकून बसली.

घरी आल्यावर मी बायजीला म्हटलं, "आत्या, तरी ती तुला चौकाला बसवणार नाही. पैज."

"हरलीस तर?"

"लग्नभर मी कुणाची नक्कल करणार नाही." आणि नकला केल्याशिवाय माझा दिवस जात नाही.

चौकाच्या सकाळी खड्डा अर्धाच भरला होता. भिकीनं पिठाची वाटी बायजीपुढे सरकवली. "बस. हात दुखला तर थांब."

दुखत होता. थांबली नाही. आणि नवरदेवाचा मामा दोन दिवस काय एकेक बोलत होता, पण मी पैज हरलेली, तोंड दाबून बसले.