दादांचं टाइमलाइनशी वैर

आमचे दादा कुणालाही माफ करत नसत. शहाद्यात एस.टी. स्टँडच्या मागे, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर त्यांचा अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ होता आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. एकदा एका कुत्र्याने त्यांची चप्पल पळवली. दादांनी त्या कुत्र्याचं असं कार्टून काढून मोबाइलवर फिरवलं, की ते लाजेने खापरमार्गे गुजरातेत पळालं. तिकडेही त्याला कुणी भाकरी घातली नाही म्हणतात.

पण जन्माचं वैर जडलं ते एका सॉफ्टवेअरशी. दादांनी पोरीच्या लग्नाची व्हिडिओ पत्रिका स्वतः केली. शेवटी नवरदेवाचे मामा खुर्चीत बसलेले, आभाळातून फेटा उतरतो आणि अगदी शेवटच्या फ्रेमला डोक्यावर बसतो. व्हिडिओ संपला की मोबाइलवर शेवटचं चित्र तसंच राहतं, म्हणून मामांचा हा खास मान. पण सॉफ्टवेअरने शेवटची फ्रेम गिळली. तापीकाठच्या झाडून सगळ्या गावांत मामांचं टक्कल चकाकत राहिलं आणि फेटा वर घारीसारखा लटकत राहिला.

मामांचा फोन आला. "पाटील, मन्हा डोकावर फेटा ठेवाले तुमना हात दुखना का? आते मी मांडवमा पाय ठेवाव नही."

लग्न मोडायची वेळ आली. शेवटी दादांनी मांडवाच्या दारात, सगळ्यांसमोर वाकून, स्वतःच्या हाताने मामांना फेटा बांधला. तापीच्या पुरापुढे न वाकलेला माणूस. घरी येताना एवढंच बोलले, "मामाना दोष नही, भो. हाई सॉफ्टवेअर बनाडनारास्ले मी सोडाव नही."

दोष टाइमलाइनचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या फ्रेमा मोजायच्या पट्टीचा होता. एक ते अठ्ठेचाळीस फ्रेमा सांगितल्या, की रंगीत पट्टा अठ्ठेचाळीसच्या आकड्याला टेके. आपल्याला वाटे, आलं सगळं. खरं तर पट्टा त्या फ्रेमच्या उंबऱ्यावरच थांबलेला असे, फ्रेम बाहेर. दादा कपाळावर हात मारत. "फ्रेम म्हंजे रेघ शे का? वाफा शे वाफा. बांध शेवटना वाफाना मांगे ऱ्हास. यास्नी वाफाना तोंडवरच बांध घाली दिधा."

त्यांनी कंपनीला चित्र काढून पाठवलं: शेवटच्या फ्रेमचं अख्खं घर रंगवा, रेघ त्याच्या पलीकडे मारा. उत्तर आलं, 'आम्ही हे ठरवूनच असं केलं आहे.'

ठरवून! मग दादांनी कंपनीचा एक टायवाला माणूस काढला. तो जेवायला बसतो आणि शेवटचा घास तोंडाशी आला की चित्र संपतं. दर सोमवारी एक भाग कंपनीला जायचा. टायवाला दर आठवड्याला रोडावत गेला; शेवटी शेवटी नुसता टायच जेवायला बसायचा. दादा प्रेमाने म्हणत, "खाय भो, खाय." कंपनी काही हलली नाही.

गेल्या हिवाळ्यात दादाच गेले. प्रकाशा गावी तापीच्या घाटावर दहावा होता. पिंड ठेवला. झाडं मोडतील इतके कावळे जमलेले, पण एक खाली उतरेना. पोरगी म्हणाली, "दादा, आईले मी संभाळसू." कावळे ढिम्म. मामांनी हात जोडले, "पाटील, मन्हा राग कवयच गया." तरी ढिम्म. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघू लागले. मग मी पुढे झालो.

"दादा, त्यास्ले मी सोडाव नही. शेवटली फ्रेम देखाडतीन, तवयच दम लिसू."

वाक्य संपायच्या आत कावळा पिंडावर. नुसता शिवला नाही. सगळा पिंड खाऊन भटजींच्या हातातल्या दर्भालाही चोच मारून गेला.

तेव्हापासून स्टुडिओ उघडला की मी आधी कंपनीला लिहितो, मग देवाला दिवा लावतो. काल त्यांच्याकडून एका सद्‌गृहस्थाने अगदी अजिजीने विचारलं, हे कधी थांबणार? मी कळवलं, तुम्ही दुरुस्त कराल तेव्हा. आमच्याकडून घाई नाही. माझी पोरगी यंदा बालवाडीत गेली आहे, तिला मी टाइमलाइन शिकवायला घेतली आहे.