शांतलिंग टेलरचं ठिगळ

आमच्या गावातून एक रस्ता निघतो आणि कुठंच जात नाही. बहात्तरच्या दुष्काळात तो झाला. माणसांना काम द्यायचं होतं, म्हणून माळावर खडी फोडली, मुरूम अंथरला, रोलर फिरवला. रस्ता सरळ, रुंद आणि देखणा झाला. ओढ्यापर्यंत आला तेव्हा पाऊस पडला, काम बंद झालं आणि रस्ता तिथंच थांबला. लोहाऱ्याच्या तालुका कचेरीतल्या नकाशात तो पुढच्या गावाला पोचलेला आहे म्हणतात. ती खडी फोडणाऱ्यांत बुद्धविहारामागं राहणाऱ्या भिमाबाई होत्या. त्या या रस्त्याला 'माझी सडक' म्हणत आणि कुणी त्यावर थुंकलं तर त्याच्या सात पिढ्या काढत.

या सडकेचा पहिला खरा उपयोग केला तो विमानानं.

आमच्या सेवा सोसायटीचे चेअरमन गुंडप्पा यांना एकदा जिल्ह्याच्या सभेत कळलं की हायब्रीड ज्वारीवरची मिजमाशी विमानातून औषध फवारून मारतात. माशी मरो न मरो, विमान आपल्याकडं यायला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. दूरच्या एका फ्लाइंग क्लबाकडं असलं विमान होतं. ते सडकेवर उतरलं तेव्हा आख्खं गाव माळावर होतं. एकावर एक असे दोन जोड पंख, पुढं लाकडी पंखा, उघड्यावर दोन बसायच्या जागा. म्हातारं होतं बिचारं. सुरू होताना असं खोकायचं की बिराप्पा धनगर म्हणाला, "ह्येला अडुळसा द्या की कुनीतरी."

शांतलिंग टेलर गर्दीतून पुढं गेला. त्यानं भीत भीत पंखावर हात ठेवला, बोटांनी चाचपलं, शिवण सापडली. मग वळून तो ओरडला, "अरं, ह्ये तर कापड हाय! शिवलंय!"

त्या क्षणापासून विमान त्याच्या जातभाईंत जमा झालं.

शांतलिंगची ओळख इथंच करून दिलेली बरी. मारुतीच्या देवळासमोर त्याचं दुकान. हात बरा होता, बोलणं त्याहून बरं होतं, पण कपडा वेळेवर दिल्याचं कुणाला आठवत नाही. कधीही जा, एकच उत्तर, "बाजाराला या." गुरुवारी बाजार भरतो, गुरुवारी गेलं तर म्हणायचा, "पुढच्या बाजाराला." लग्नाचे सदरे बारशाला मिळत. त्याच्या बायकोची, इरम्माची, एक चोळी कैक वर्षं एका बाहीची होती. इरम्मा म्हणायची, "दुसऱ्या हाताला बाजार गावलाच न्हाय अजून."

कापड द्यायला मात्र सगळे त्याच्याकडंच जायचे. एक तर गावात दुसरा टेलर नव्हता, आणि रागावलेल्या माणसाला बसवून चहा पाजण्यात त्याच्याइतका हुशार कुणी नव्हता. मीही दोन दिवाळ्यांपूर्वी पांढऱ्या सदऱ्याचं कापड देऊन बसलो होतो. त्याचा चहा मात्र बऱ्याचदा प्यायलो होतो.

विमान दर वर्षी येऊ लागलं. पोळ्याच्या आगेमागे दोन-तीन दिवस मुक्काम. तेवढे दिवस शांतलिंगचं दुकान बंद. तो पंखाखाली उकिडवा बसून शिवणी बघायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "ही धावदोऱ्याची न्हाय बरं का, ही गाठीची." विमानाबरोबर एक वयस्क कॅप्टन आणि व्यंकट नावाचा मेकॅनिक यायचा. व्यंकट हैदराबादचा. तो शांतलिंगला म्हणायचा, "मियाँ, देखो, लेकिन हात नक्को." शांतलिंग हात लावायचाच.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी पावसानं ज्येष्ठात तोंड दाखवलं आणि मग दडी मारली. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. माशीसुद्धा उपाशी मेली असावी. पण फवारणीचं आधीच ठरून बसलं होतं, म्हणून ठरल्या दिवशी विमान आलं. फवारायला काही नव्हतं. गुंडप्पा म्हणाले, "आलंय तर सत्कार करू."

नेमका पोळा होता. निम्मे बैल चारा छावणीत, काही विकले गेलेले. गावात मानानं मिरवावी अशी जोडी उरली नव्हती. मारुतीपुढं म्हातारी माणसं तोंड पाडून बसली होती. तेव्हा शांतलिंग म्हणाला, "सडकंवर उभा हाय की जोडपंखी बैल. शेतीच्याच कामाला आलाय न्हवं?"

कुणी हसलं, कुणी मान हलवली, आणि घटकाभरात लोक विमान सजवायला निघाले. पंख्याला बाशिंग बांधलं. चाकांना, शिंगांना लावतात तशी, तांबडी हुरमुंज लावली. इरम्मानं ओवाळलं. पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, तो विमानाच्या वतीनं व्यंकटनं खाल्ला. आणि बैलापुढं वैरण हवीच, म्हणून कुठून कुठून गोळा केलेल्या हिरव्या कडवळाच्या पेंढ्या खालच्या डाव्या पंखावर रचल्या, वर लिंबाचे ढाळे. मग कॅप्टन आणि व्यंकटला वाजतगाजत शाळेच्या पटांगणात सत्काराला नेलं.

गुंडप्पांचं भाषण आर्यांच्या आगमनापासून सुरू झालं. ते सहकारापर्यंत आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मधेच बिराप्पा धावत आला. त्याची शेरडं माळावरून सुटली होती. त्या दुष्काळात हिरवं कडवळ बघून त्यांनी काय करायचं होतं? कडवळ खाल्लं. ढाळे खाल्ले. मग खालचं कापड चाटून बघितलं. त्या कापडाला ताणून बसवायला कसलंसं रोगण लावतात, ते शेरडांना आवडलं.

आम्ही पोचलो तेव्हा डाव्या पंखाच्या बरगड्या उघड्या पडल्या होत्या, आणि एक बोकड बाशिंगाकडं बघत होता.

"जनावराला काय कळतंय?" बिराप्पा रडवेला होऊन म्हणाला. "वैरण तुमीच वाढली त्येच्यावर. पाहुणचार म्हनून खाल्लं त्येनी."

व्यंकट डोक्याला हात लावून खाली बसला. "क्या लोगां हैं रे तुम! हवाई जहाज को चारा?"

कॅप्टन पंखाजवळ गेले, फाटकी कड हातात धरून उभे राहिले, आणि शांतपणे म्हणाले, "संपलं हिचं." विमानाला ते 'म्हातारी'च म्हणत, आणि क्लब आधीच तिला सांभाळून थकला होता. तिच्या सुट्या भागांसाठी जग धुंडाळावं लागायचं. क्लबाच्या सेक्रेटरींनी बजावलं होतं, आता आणखी खर्च निघाला तर जिथं असेल तिथं मोडीत काढायचं. लोहाऱ्याला जाऊन कॅप्टननी ट्रंककॉल लावला. सेक्रेटरी म्हणाले, गुरुवारी जीपनं येतो. उडण्यासारखं असेल तर उडवा, नसेल तर तिथंच विकून मोकळं होऊ.

गुंडप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी गावाची बैठक बोलावली. "विमान सोसायटी घेईल," ते म्हणाले. "इंजिन विहिरीवर बसवू. उडून काय मिळतंय? पाणी ओढंल तर गाव जगंल."

दुष्काळात या बोलण्याला तोड नव्हती.

भिमाबाई मागं बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "चेअरमनसायब, इंजिन वढंल, पर हिरीत पानी कुठाय?"

बैठक हसण्यात मोडली. पण हसून पंख भरत नाही. शेवटी शांतलिंग उठला. "कॅप्टनसायब," तो म्हणाला, "पंख म्या शिवतो."

"कधीपर्यंत?"

शांतलिंगच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बाजाराला या."

आता गाव जे हसलं, ते मागं एका पोळ्याला बैल पळाले तेव्हाही हसलं नव्हतं. बिराप्पा म्हणाला, "सायब, इमान हितंच ठिवा. तुमच्या नातवाला मिळंल." शांतलिंग हसला नाही. सेक्रेटरी येणार तोही बाजारचाच दिवस होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बाजाराला खरोखरचा गुरुवार मिळाला होता.

कापड कुठून आणायचं? सोसायटीच्या दुकानात कंट्रोलचं मांजरपाट होतं, किल्ली गुंडप्पांकडं. "स्टॉक न्हाय," ते म्हणाले. तेव्हा शांतलिंगनं दुकानातली मोठी पेटी ओढून पारावर आणली आणि उघडली. आत आख्ख्या गावाचं न शिवलेलं कापड, ज्याच्या त्याच्या गाठोड्यात.

"तुमचंच हाय," तो म्हणाला. "ज्येला परत पायजे त्येनं न्यावं. ऱ्हाईल ते इमानाला."

भिमाबाईंनी आपलं गाठोडं ओळखलं. "ह्ये माझ्या नातवाच्या झबल्याचं. पोरगं आता ह्या गुरुजींच्या शाळंत जातंय. लाव तुझ्या इमानाला. माझ्या सडकंवर आलेलं पावनं हाय, उघडं कसं धाडायचं?"

मग परत मागायची कुणाला छाती होईना. माझा सदराही गेला. गुंडप्पा नंतर धावत आले. त्यांच्या नेहरू शर्टाचं पांढरं कापड त्यात होतं, सगळ्यांत लांबरुंद.

"ए शांतलिंग, माझं कापड परत दे!"

"बाजाराला या," शांतलिंग म्हणाला, आणि सुईत दोरा ओवला.

टेरिकॉट व्यंकटनं बाजूला काढलं. त्याला सुतीच लागायचं. तुकडे जोडायला बायका बसल्या. ते बघून व्यंकट म्हणाला, "ये जहाज है के गोधडी?" इरम्मा म्हणाली, "गोधडीच हाय. तुमच्या कापडापरीस टिकंल." शांतलिंगनं पहिली कड मशीनवर झरझर मारली. व्यंकटनं ती उसवली. हातानं शिवायचं, मेणाच्या दोऱ्यानं, प्रत्येक टाक्याला गाठ. शांतलिंगला राग आला, पण मग तो मुकाट्यानं हातानं शिवू लागला. तीही शिवण वाकडी आली. तीही उसवली. टेलरची शिवण उसवलेली बघायला लोक जेवण सोडून आले. बिराप्पा काठी घेऊन शेरडांवर पहारा करत होता. त्यातलं एक तरी विमानाकडं बघताना दिसलं की म्हणायचा, "लाज धर."

मधेच मी विचारलं, "शांतलिंग, हे गेल्यावर परत येईल का रे?"

"ऱ्हायलं तर चेअरमनच्या हिरीत जाईल, गुरुजी," तो म्हणाला. "गेलं तर यील तरी."

गुरुवारी सकाळी पंख तयार झाला. व्यंकटनं उरलंसुरलं रोगण चोपडलं होतं, ते सुकून कापड ढोलकीसारखं ताणलं होतं. वरून मारायचा चंदेरी रंग संपला, म्हणून खालच्या बाजूला सगळी ठिगळं दिसत होती: पांढरी, चौकडीची, एक भडक केशरी. व्यंकटनं टिचकी मारून बघितली. म्हणाला, "चलेगा."

पण बघायला कुणी नव्हतं. शांतलिंगचं काम सकाळी पुरं होईल यावर गावात एकाचाही विश्वास नव्हता; सगळे आपले बाजारात. सेक्रेटरींची जीपही तिथंच थांबली होती. गुंडप्पा त्यांना हॉटेलात भजी खिलवत होते आणि इंजिनाबद्दल बोलत होते. सडकेवर शांतलिंग, भिमाबाई, बिराप्पा, शेरडं आणि मी.

कॅप्टन म्हणाले, "टेलरमास्टर, तुमचा पंख आहे. पुढं बसा. एक चक्कर मारून आणतो."

इतकी वर्षं विमानाखाली उकिडवं बसलेला माणूस. मला वाटलं, उडी मारून चढेल. शांतलिंग दोन पावलं मागं सरला.

"नगं सायब," तो म्हणाला. "माझी शिलाई मला ठाऊक हाय."

कॅप्टननी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा व्यंकटकडं. व्यंकटनं पुटपुटत कुठल्यातरी देवाला हात जोडले आणि तो चढला. विमान खोकलं, धावलं, आणि ओढा यायच्या आत उचललं.

शांतलिंगनं डोळ्यांवर आडवा हात धरला. तो विमान बघत नव्हता, टाके बघत होता.

विमान वळलं आणि थेट बाजारावरून गेलं, अगदी कमी उंचीवरून. मिरच्यांचे, भाज्यांचे वाटे सोडून माणसं वर बघत उभी राहिली. तिथं काय झालं ते मला नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं, प्रत्येकानं आपापलं कापड मधोमध होतं असं सांगितलं. "ती बघ माझी पैरण!" "ती चौकडी आमची!" इरम्मा भाजी घेत होती, तिनं केशरी तुकडा ओळखला, ती तिची राहिलेली बाही होती. गुंडप्पा हॉटेलाबाहेर आले तेव्हा त्यांचा नेहरू शर्ट त्यांच्या डोक्यावरून जात होता. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, हे तर उडतंय," आणि भजी संपवून जीपमध्ये बसले.

क्लबाकडं परत निघालेल्या विमानाचा ठिपका दिसेनासा झाला तरी सडकेवर शांतलिंग उभाच होता. मग म्हणाला, "उसवलं न्हाय." आणि खाली बसला.

पुढं सोसायटीनं नवं इंजिन घेऊन विहिरीवर बसवलं. इंजिन आणि विहीर, दोघं मिळून पाण्याची वाट बघत राहिली. विमान पुढच्या पोळ्याला आलं, त्याच्या पुढच्यालाही. ठिगळांवर क्लबानं चंदेरी रंग मारला होता, त्यामुळं गावाला ते थोडं उतरल्यासारखं वाटलं. तरी लोक हात लावून सांगायचे, रंगाखाली हे आमचं. वैरण मात्र कुणी ठेवली नाही.

खरी किंमत मोजली शांतलिंगनं. त्याचा धंदा ज्या एका वाक्यावर चालत होता, ते वाक्य गेलं. "बाजाराला या" म्हटलं की गिऱ्हाईक म्हणायचं, "इमानाचं बाजाराला दिलंस, अन् माझा लेंगा?" बायामाणसं भांडायची. इरम्मा तर दारात उभी राहून एका बाहीची चोळी हलवायची. त्याला खरोखरच वेळेवर शिवायला लागलं आणि त्याची तब्येत बिघडली. असं तोच सांगायचा.

ज्यांचं कापड विमानाला गेलं, त्यांना मात्र तो बधला नाही. मीही अधूनमधून विचारतो, "शांतलिंग, माझा सदरा?"

"शिवलाय की, गुरुजी," तो म्हणतो आणि बोट वर करतो. "उतरला की घालून बघा. तवर च्या घ्या."