धोंडीबाचा नातू

शांतवन आणि मी ईट गावाजवळच्या खाणीत बरोबरीनं दगड फोडले. कामाला तो चोख. दगडाची शीर बघितल्याशिवाय घण उचलायचा नाही.

चर्चमध्ये मात्र तो आजोबांच्या पुण्याईवर बसायचा. आजोबा धोंडीबा गावातले पहिले ख्रिस्ती. गावानं त्यांना विहीर बंद केली, तरी ते मागं फिरले नाहीत. दर वर्षी हंगामाच्या सणाला शांतवन पुढच्या खुर्चीवरून उठायचा आणि आपल्या विश्वासाची साक्ष म्हणून हेच सांगायचा. सगळ्यांना ते पाठ झालं होतं.

यंदा त्याला चर्चच्या मंडळीचा पंच करायचं ठरलं. सणाच्या पंगतीत म्हाळसाबाई त्याच्या शेजारी होती. मेंढरं राखणारी बाई, बाप्तिस्म्यासाठी नुकतीच शिकायला लागलेली. तिनं विचारलं, "दादा, ते तुमच्या आजोबांचं झालं. तुमचं काय?"

"आमचं म्हंजे? आमी तीन पिढ्यांचे ख्रिस्ती हाव, बाई."

"व्हय की. पन मेंढरांत जल्मलं म्हनून कुत्र्याला लोकर येती का?"

पंगत हसली. शांतवन ताटावरून उठला.

तेव्हापासून त्याला चैन पडेना. सकाळी माझ्या दारात, दुपारी पुन्हा. बस म्हटलं तरी बसायचा नाही. अंगणात येरझाऱ्या.

"तू सांग, म्या वाईट हाय का?"

"न्हाय."

"मग?"

"धोंडीबानं येशूला व्हय म्हटलं, ते सोतासाठी. तुझ्या वतीनं कोन म्हननार?"

"एवढी वर्सं चर्चला आलो, ते काय मग?"

"आलास. पन सांगितलंस ते ऐकीव."

तो चहा तसाच टाकून गेला.

रविवारी पाळकांनी पंच म्हणून त्याचं नाव घेतलं. आधी साक्ष द्यायची असते. शांतवन उभा राहिला. "माझे आजोबा धोंडीबा..." म्हणाला आणि थांबला. सगळे वाट बघत होते. पुढची ओळ कुणीही सांगितली असती.

"फुडं माझं सोताचं काय न्हाय," तो म्हणाला. "पंच दुसरा बघा."

मागं सतरंजीवर नवे शिकणारे बसतात. तो तिकडं गेला.

"सरका, बाई."

"या की," म्हाळसाबाई म्हणाली. "पन हितं ज्याचा धडा त्यालाच म्हनावा लागतो."

दर रविवारी तो आता तिथंच असतो. सारखी चुळबूळ करतो, मांडी बदलतो. साक्ष अजून दिलेली नाही. आजोबांचं नाव मात्र काढत नाही.