डोळे उघडे ठेवण्याची अट

"सांग मग, कुठल्या बाजूला पडले मी?"

मॅच संपली की मातीने माखलेली माझी लेक मैदानाच्या कडेला येऊन मला हा प्रश्न विचारायची. मी ठोकून द्यायची, "डावीकडे." ती कपाळावर हात मारायची. "आई, मी पडलेच नाही. मी पाडलं."

त्याचं असं आहे की रग्बी सुरू झाली की माझे डोळे आपोआप मिटतात. मी मोठा काळा गॉगल लावून बसायची, म्हणजे शेजारच्यांना वाटावं, बाई किती एकाग्र! आत सगळा अंधार. पोटची पोर चेंडू घेऊन पळते आहे आणि तीन धटिंगण पोरी तिच्यावर झेप घेताहेत, हे कोणत्या आईने उघड्या डोळ्यांनी बघायचं? पुण्याहून माझी नणंद फोन करून विचारायची, "अगं, तिकडे गाण्याचा क्लास नाही का एखादा?" आहेत, बाई, गल्लोगल्ली आहेत. पण हिने रग्बी निवडली.

नवऱ्याची रेल्वेत बदली झाली आणि आम्ही कोलकात्याला गार्डन रीचच्या रेल्वे वसाहतीत आलो, तेव्हा ही तिसरीत होती. आता ती मराठी बोलते, पण बंगालीच्या चालीने. पाणी पीत नाही, पाणी खाते. मी दुरुस्त करते, ती परत खाते.

तर मुलींची आंतरराष्ट्रीय रग्बी स्पर्धा कोलकात्यात भरायची ठरली आणि लेकीची भारताच्या संघात निवड झाली. मैदानात सात जणी, बाकावर पाच. ही त्या पाचांतली शेवटची. स्पर्धेनंतर लगेच तिला पुण्याला नोकरीवर रुजू व्हायचं होतं आणि रग्बी बंद. ते तिने स्वतःच ठरवलं होतं. त्या रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "आई, मला दोन मिनिटं पण खेळवतील की नाही ठाऊक नाही. पण खेळवलं तर तू बघायचं. डोळे उघडे ठेवून. एकदा तरी."

मी म्हटलं, "बघीन." म्हटलं खरं, आणि तिच्या पानात न मागता भात वाढला.

जवळून बघायला मिळावं म्हणून मी आयोजन समितीत शिरले. आणि तिथेच माती खाल्ली. लग्नात मुहूर्ताच्या वेळी नवरीची आई कोठीच्या खोलीत साखर शोधत असते, तसंच स्पर्धा भरवणाऱ्यांचं असतं. त्यांना स्पर्धा सोडून सगळं दिसतं.

समितीचे सेक्रेटरी म्हणजे एक बंगाली गृहस्थ. हवेत जरा गारवा आला की कानटोपी. मनाने अगदी सोनं, पण बैठक त्यांची! पहिला तास प्रमुख पाहुणे कोण, दुसरा तास पाहुण्यांना मिठाई कोणती, मध्ये तीनदा मातीच्या भांड्यातला चहा, आणि सगळे उठायला लागले की कोणीतरी हळूच विचारायचं, "गोलपोस्टचं काय?" मग सगळे पुन्हा बसायचे आणि पुन्हा चहा. मैदान फुटबॉलचं होतं. रग्बीचे उंच खांब हावड्याच्या एका कारखान्यात बनवून घेतले. ते पुलावरून आणायला ट्रक मिळाला तेव्हा ट्रकला दिवसा पुलावर परवानगी नव्हती, आणि परवानगी मिळाली तेव्हा ट्रक एका मिरवणुकीचा देखावा घेऊन गेला होता. परदेशातून मैदान तपासायला आलेले साहेब टेप घेऊन खांबांची वाट बघत उभे, आणि आमचे सेक्रेटरी त्यांना संदेश नावाची बंगाली मिठाई भरवताहेत. तिसऱ्या संदेशानंतर साहेब टेप ठेवून खाली बसले. खांब आले, उभे राहिले, उंचीलाही बरोबर निघाले. त्या दिवशी या शहरावर माझा जीव जडला, काय सांगू!

मग कामं वाटली. प्रत्येक परदेशी संघाबरोबर एक यजमान लागतो. लिएझन ऑफिसर म्हणतात त्याला. त्याने विमानतळापासून परत विमानतळापर्यंत संघाला चिकटून राहायचं. जेवण, बस, डॉक्टर, धोबी, सगळं त्याच्या गळ्यात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी महाप्रसादाच्या पंगती सांभाळल्या होत्या, ते सेक्रेटरींनी ऐकलं होतं. "बौदी, तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार?" बौदी म्हणजे वहिनी.

मी म्हटलं, मग मला आपलाच संघ द्या.

"ते कसं? तुमची मुलगी त्यात आहे. नियमात बसत नाही."

आणि कोणता संघ दिला? पहिल्या दिवशी संध्याकाळी आपल्याशी ज्याची मॅच, तोच. वर त्यांचं हिरवं जॅकेट अंगात घालायचं. यजमानाने पाहुण्यांच्याच रंगात राहायचं, त्यांच्याच बाकाशी उभं राहायचं. देशाचं नाव सांगत नाही, त्या पोरी अजून मला सणासुदीला मेसेज करतात.

डमडमच्या विमानतळावर त्यांना घ्यायला गेले तर दारातून एकेक अशी बाहेर येत होती की दार लहान वाटावं. त्यांची कॅप्टन सगळ्यांत दांडगी. तिने माझी पर्स, संघाच्या नावाची पाटी आणि छत्री माझ्या हातातून काढून घेतली आणि "आंटी, चला" म्हणत मलाच बसपर्यंत नेलं. बसमध्ये मी तिच्या पोटऱ्याच न्याहाळत बसले. उद्या ही बया माझ्या पोरीच्या अंगावर येणार!

मग मी माझ्या परीने देशसेवा केली. दुसऱ्या दिवशी न्याहारीला कॅप्टनच्या पानात लुच्या, म्हणजे इथल्या मैद्याच्या पुऱ्या, एकीवर एक वाढल्या, वर रसगुल्ले. म्हटलं, जड होऊ दे जरा. तिने सगळं संपवलं, मला मिठी मारली आणि सकाळच्या मॅचमध्ये घोड्यासारखी उधळली.

त्या मॅचनंतर त्यांची कोच माझ्याकडे आली. अतिशय मोजकं बोलणारी बाई. "आइस," ती म्हणाली. खेळून झालं की या पोरी बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसतात म्हणे. इतक्या बैठकांत प्रमुख पाहुण्यांच्या शालीचा रंग ठरला होता, पण बर्फाचं नाव कोणी काढलं नव्हतं. सेक्रेटरींना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "बौदी, कोलकात्यात बर्फाला काय तोटा? माछ बाजार!"

गेले मासळी बाजारात. भुशात गुंडाळलेल्या लाद्या टेम्पोत घालून आणल्या आणि त्यांच्या संघाच्या तंबूमागच्या निळ्या पिंपांत फोडून टाकल्या. पाच मिनिटांत सगळा तंबू घमघमला. मी मालवणची, मला वास कळतो. आमच्या समुद्राचा नव्हे, नदीच्या माशाचा. मी शरमेने अर्धी झाले. पण कॅप्टन पिंपात बसली, डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि विचारलं, "आंटी, रात्रीच्या जेवणात मासे आहेत ना?"

संध्याकाळची मॅच सुरू व्हायच्या आधी कोच पुन्हा आली. शिट्टी वाजली की पिंपं तयार पाहिजेत, कारण बस लगेच सुटणार. म्हणजे शेवटची काही मिनिटं मी तंबूमागे बर्फ फोडत असायला हवं. मी मान हलवली. अहो, दोन अर्धे मिळून चौदा मिनिटांचा तो खेळ. त्यात माझी पोर खेळलीच तर शेवटीच खेळणार, हे मला दिसत होतं. पण कामाला नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं?

पहिल्या अर्ध्यात आपल्या पोरी सपाटून मार खात होत्या. लेक समोरच्या बाकावर गुडघे हलवत बसलेली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हिरव्या जॅकेटमध्ये. मी गॉगल काढून खिशात टाकला, तिला दिसेल असा. मग गेले तंबूमागे आणि लाकडी दांडक्याने बर्फ फोडायला लागले. रागाने इतकी फोडली ती लादी की विचारू नका. राग सेक्रेटरींवर, नियमावर, स्वतःच्या शहाणपणावर.

लाउडस्पीकरवर बदली खेळाडूचं नाव आलं. आमचं आडनाव.

माझ्या हातात बर्फाचं एक मोठं ढेकूळ होतं. ते टाकायचंही सुचलं नाही, तशीच धावले. कोच म्हणाली, "आइस?" मी तिला चक्क मराठीत सांगितलं, "थांबा हो जरा!" आणि रेषेपाशी जाऊन उभी राहिले.

चेंडू कॅप्टनच्या हातात आला आणि ती सुटली. आमच्याच बाजूच्या रेषेने, सरळ माझ्याकडे. पुढे मैदान मोकळं. आणि तिरकी धावत येत होती ती एकटी माझी पोर. तिच्या निम्मी. माझ्या पापण्या जड झाल्या, नेहमीसारख्या. मी बर्फ छातीशी गच्च धरला. हात भाजल्यासारखे झाले, डोळ्यांतून पाणी आलं, पण डोळे मिटले नाहीत. मिटू दिलेच नाहीत मी.

पोरीने अंग झोकून दिलं. कॅप्टनच्या पायाला अशी मिठी मारली की सुटेचना. ती तशीच तिला फरफटवत दोन पावलं गेली.

"सोडू नकोस गं तिला! आडवी कर!" हे मी ओरडले. हिरव्या जॅकेटमध्ये, हिरव्या बाकासमोर. कोच माझ्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात कॅप्टन धाडकन पडली, चेंडू रेषेबाहेर गेला, आणि थोड्याच वेळात शिट्टी वाजली.

आपण हरलो. किती फरकाने ते विचारू नका, सेक्रेटरीसुद्धा सांगत नाहीत.

मॅच संपली की जिंकलेल्यांनी दोन रांगा करायच्या आणि हरलेल्यांनी त्यांच्यामधून जायचं, जिंकलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी या खेळात रीत आहे. मी बर्फाकडे वळले होते, पण कॅप्टनने मला दंडाला धरून रांगेत ओढलं. "आंटी, तुम्ही आमच्या संघात आहात." झालं! स्वतःच्या पोरीच्या विरुद्ध बाजूला उभी राहून मी टाळ्या वाजवू लागले. हात इतके बधिर की आवाजच येईना.

लेक सगळ्यांत शेवटी आली. कोपर सोललेलं, केसांत गवत. माझ्यासमोर थांबली. समोरच्या रांगेतल्या टाळ्या थांबल्या.

"सांग," ती म्हणाली. "कुठला पाय धरला मी?"

"डावा. गुडघ्याच्या खाली. आधी हात निसटला, मग घोट्याला धरलंस. आणि उठताना आधी तिला हात दिलास, मग स्वतःचा मोजा वर ओढलास."

तिची हनुवटी थरथरली नुसती. तिसरीत असताना या शहरात पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी थरथरली होती, तशी. मग तिने माझ्या हिरव्या जॅकेटमध्ये तोंड खुपसलं आणि मला इतकं घट्ट धरलं की कॅप्टनची काय गत झाली असेल ते मला कळलं. मी तिच्या केसांतलं गवत काढत राहिले.

आतून आवाज आला, "आई, तुला माशांचा वास येतोय गं."

तरी सोडलं नाही तिने.