गाडीवानासाठी एक पान

माझा आवडता भाग तिसरा, बाबांचा सातवा. यावरून आमच्या घरात जेवढी तोंडातोंडी झाली, तेवढी लोकांच्या घरात जमिनीवरून होत नसेल.

भाग म्हणजे एका जपानी मालिकेचे. मी म्हणायचे, "बाबा, अ‍ॅनिमे म्हणा." ते अजून कार्टूनच म्हणतात. गोष्ट एका खेळाची. डोक्याला टोपीसारखं यंत्र चढवून आडवं व्हायचं, की माणूस थेट खेळाच्या आत. तिथं नऊ गावं, मधे दलदल, आणि जो तो तलवार घेऊन फिरतोय. खेळ चालवणारी कंपनी तो बंद करणार असते. त्या नऊ गावांचे शेवटचे दिवस, एवढीच मालिका.

बाबा ड्रायव्हर. तरणेपणी पलीकडच्या सिंधुदुर्गातून गोव्यात आले, डिचोलीच्या खाणींवर खनिजाचा टिप्पर चालवायला लागले आणि कारापूरला घर केलं. खाणी चालू होत्या तोवर माणूस मला नीट दिसायचा तो रविवारी, आंघोळीच्या वेळी. अंगावरून लाल पाणी वाहायचं. माझ्या नववीत आई गेली. बारावीत होते तेव्हा खाणी बंद झाल्या आणि बाबा घरी आले. आले ते बसलेच. आज उघडतील, उद्या उघडतील, असं म्हणत जनेलाशी बसून रिकामा रस्ता बघत राहायचे. मला त्यांची दया येत नव्हती, खोटं कशाला बोलू? मला त्यांची अडचण व्हायची.

वर्गातल्या एका मुलीनं पेनड्राइव्हवर भरून दिलेले भाग मी दुपारी शाळेतून मिळालेल्या लॅपटॉपवर बघायचे. एकदा बाबा मागे येऊन उभे राहिले. "काय बघतंस गो? ह्या वयात कार्टून?" तेवढ्यात पडद्यावर एक बैलगाडी चढाला लागली आणि बाबा म्हणाले, "थांब थांब. माल पाठी जास्त भरलो हा. गाडी उलटतली." आणि काय सांगू, पुढच्याच मिनिटाला गाडीची दांडी वर आली, पोती रस्त्यावर! बाबा टाळी वाजवून हसले. आई गेल्यावर त्या घरात कोणी तसं हसलं नव्हतं. खुर्ची ओढून ते बसले, आणि ती खुर्ची मग तिथनं हलली नाही.

त्या गाडीवानानं बाबांना वेड लावलं. वयस्क माणूस, टक्कल पडलेलं, सगळ्या मालिकेत एकदाही तलवार हातात धरली नाही. नऊ गावांत मीठ, औषधं, बाण पोचवायचे एवढंच काम. खेळाच्या बाहेर तो कोणे एके काळचा ट्रक ड्रायव्हर, अपघातात कंबर मोडून इस्पितळात पडलेला. हे चौथ्या भागात कळलं तेव्हा बाबा पुटपुटले, "हो आपलो माणूस."

आता, बोलणं जपानी आणि खाली पळणारी अक्षरं इंग्रजी. बाबांची शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. म्हणून मी वाचायचे आणि मोठ्यानं सांगायचे. डोक्यात मराठी, तोंडात मालवणी, मधेच शेजाऱ्यांची कोंकणी. आपली भाषा कुठली यावरून बाहेर लोक एकमेकांच्या उरावर बसत होते. आमच्या मेजावर पाच भाषांचा काला व्हायचा आणि पोट भरायचं. बाबांना त्या मालिकेतलं जे काही कळलं, ते माझ्या तोंडून कळलं. मी एखादं वाक्य गाळलं तर त्यांच्यासाठी ते बोललंच गेलं नाही.

सातवा भाग मी त्यांना किमान वीस वेळा वाचून दाखवला असेल. किल्ल्यातल्या लोकांचं मीठ संपलंय. सगळे शूरवीर दलदलीतून सरळ जायच्या नादात अडकतात, आपसांत लढून मरतात. गाडीवान आपला दलदलीला वळसा घालून सावकाश निघतो. चाकाची खीळ निसटते, तर वहाणेचा पट्टा कापून बांधतो. पोचतो. कोणी शाबास म्हणत नाही, पोती उतरवून घेतात आणि दार लावतात. तो बैलांना पाणी पाजतो. संपला भाग. "मारामारी कोणय करीत," बाबा दर वेळी म्हणायचे, "माल वेळार पोचवूक अक्कल लागता." त्यांच्या खेपांची कधी कोणी गोष्ट केली नव्हती. जपानमधल्या कोणीतरी केली.

माझा तिसरा भाग त्यांना कंटाळवाणा वाटायचा. त्यात एक मुलगी त्या जगाचा नकाशा काढत काढत कडेला पोचते. तिथं पुढं जगच काढलेलं नाही, नुसतं कोरं पांढरं. ती तिथं मांडी घालून बसते आणि स्वतःच पुढचं काढायला लागते, आधी गवत, मग दगड, मग ओढा. मी तो भाग थांबवून थांबवून वहीत उतरवायचे. माझ्या चार वह्या भरल्या. मला तेच करायचं होतं. पुण्याला अ‍ॅनिमेशन शिकवतात हे कळल्यावर मी गुपचूप परीक्षा दिली, आणि यादीत नाव लागलं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते आठ दिवस परत जनेलाशी जाऊन बसले. नवव्या दिवशी म्हणाले, "देवीक विचारूया." आमच्याकडे मोठी गोष्ट असली की कौल घेतात. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, भटजींनी गाऱ्हाणं घालायचं. आधी उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी लगेच तयार झाले. देवीवर माझा विश्वास होता. आणि ज्या दिवशी जायचं ठरलं, त्या सकाळी माझी पाळी आली. आमच्या घरात ते असं सांगायचं नसतं. मी म्हटलं, "बाबा, आज दिवा तुम्ही लावा." ते समजले आणि एकटेच देवळात गेले.

दुपारी परतले. कपाळाला कुंकू, हातात फोडलेला नारळ. चपला काढताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "डावी पडली गो बाय. देवीच्या मनात नाय."

मी रडले, पण भांडले नाही. बाबा नाही म्हणाले असते तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, पिशवी उचलून बस पकडली असती. देवी नाही म्हणाली म्हटल्यावर कोणाशी भांडणार?

मग तुयेच्या एका औषधांच्या कारखान्यात लागले. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, आठ तास उभं. डिचोलीहून कंपनीची बस सकाळी सुटायची, त्यात बसल्या बसल्या मुली झोपायच्या. पहिले सहा महिने मी वही सोबत नेत होते. नंतर नेली नाही. हात भरून यायचे.

बाबा मात्र सुखात होते. माशाची आमटी करून वाट बघायचे, रविवारी पोदेराकडून पाव आणून ठेवायचे आणि म्हणायचे, "लाव गो सातवो." वीज गेलेला भाग त्यांचा दुसऱ्या नंबरचा. त्यात बाहेर वीज जाते आणि खेळातली सगळी माणसं फट्‌दिशी नाहीशी होतात, गावात उरतात ती फक्त जनावरं. "बघ! वीजखातां जपानातय तसांच!" हा विनोद मी दोन वर्षं ऐकला आणि दर वेळी हसले. माणूस एकटा आहे, म्हातारा होतोय, देवीनं आपल्याला इथं ठेवलंय ते याच्यासाठीच, असं मी स्वतःला समजावलं होतं. बरंचसं पटलंही होतं.

दुसऱ्या वर्षी मालिकेचा पुढचा खंड आला. आम्ही रविवारी एक असा पुरवून पुरवून बघितला. शेवटचा एकच भाग राहिला होता. त्याच आठवड्यात मला कंपनीनं कायम केलं, म्हणून शुक्रवारी सुट्टी टाकून नारळ घेऊन मी देवळात गेले. भटजींनी मला ओळखलं. लहानपणापासून बघतात.

"केन्ना आयलें गो पुण्यासावन?" त्यांनी विचारलं. पुण्याहून कधी आलीस म्हणून.

मी म्हटलं, "मी गेलेच नाही. डावी पडलेली ना."

"कोण म्हणटा?" भटजी नारळ हातात धरून बघतच राहिले. "उजवी पडली. हांवें स्वता उखल्ली. तुजो बापूय थंय बसून रडलो. हांवें म्हळें, आनंदान रडटा."

पाकळी त्यांनी स्वतःच्या हातानं उचलली होती, आणि बाबा तिथंच बसून रडले तेव्हा त्यांना वाटलं, आनंदानं रडतायत. मी नारळ फोडून घेतला आणि घरी आले. वाटेत काय बघितलं, कोणती बस पकडली, काही आठवत नाही. आठवतो तो राग. असा राग, की दातांत दुखत होतं. देवीची पाकळी, आणि ती या माणसानं डावीची उजवी नाही, उजवीची डावी केली! मला "जाऊ नकोस, मला एकटं राहवत नाही" एवढं म्हटलं असतं तरी कदाचित मी राहिले असते. तेवढं म्हणायला तोंड झालं नाही. देवीच्या तोंडात घातलं.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. शनिवारीही नाही. रविवारी दुपारी बाबांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "लाव. मी एकटो बघूक नाय हां, तुज्यासाटी थांबलंय."

मी लावला. खेळ बंद होतो. एकेक माणूस हळूहळू विरत जातो. गाडीवान शेवटचं पोतं उतरवतो, बैलांच्या मानेवरून हात फिरवतो आणि विरतो. बाबा पंच्यानं डोळे पुसत होते. मग काही महिने गेलेले दाखवतात. नकाशा काढणारी मुलगी बाहेरच्या, खऱ्या जगात आपल्या खोलीत बसली आहे, आणि तिला पत्र येतं. पडद्यावर फक्त कागद, तिचे हात आणि जपानी अक्षरं. आवाज कोणाचाच नाही, खाली इंग्रजीत पत्र उमटत जातं. लिहिणारा गाडीवान. त्यानं लिहिलंय, की मी घरी आलो. चालता येत नाही, पण हातानं चालवायची छोटी गाडी मिळाली आहे, गल्लीत लोकांना जेवणाचे डबे पोचवतो. एकदा ये, तुला फिरवून आणतो. मुलगी रडायला लागते. आनंदानं.

"काय लिवलां हा?" बाबांनी विचारलं. "कोणाचां पत्र?"

मी पडद्याकडे बघत म्हटलं, "इस्पितळातल्या नर्सचं. गाडीवान गेला म्हणते. खेळ बंद झाला त्याच आठवड्यात."

"मेलो?"

"हो. जवळ कोणी नव्हतं म्हणते."

बाबांनी पडद्यावर रडणाऱ्या मुलीकडे बघितलं. खोटं वाटायला जागाच नव्हती. मग म्हणाले, "त्याका मारूक नको होतो." आणि उठून मागच्या दारी गेले. त्या दिवशी जेवले नाहीत. मला बरं वाटलं. ते लपवून काय करू? रात्रीपर्यंत मला फार बरं वाटलं.

नंतर सातवा भाग लाव, असं ते कधी म्हणाले नाहीत. पुढं ओळखीच्या एकानं पावाची व्हॅन चालवायला बोलावलं, तर नको म्हणाले. "आता काय, झाल्यो आमच्यो खेपो." गाडीवानामुळे नको म्हणाले की गुडघ्यांमुळे, मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही.

आणि मग म्हाळ आला. सर्वपित्री अमावस्येला आमच्याकडे वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर करतात आणि गेलेल्या माणसांसाठी पानं वाढून बाहेर कावळ्याला ठेवतात. आजी, आजोबा, आई, अशी आमची तीन पानं. मी वाढायला बसले तर बाबांनी चौथं पान मांडलं.

"हे कोणाचं?"

"त्या गाडीवानाचां," बाबा म्हणाले, जराही न लाजता. "त्याका कोण आसा? जवळ कोण नाय होतां म्हणालंस मगे तू."

मी हसेन असं मला वाटलं होतं. मी त्या पानावर वडा वाढला, उसळ वाढली, खीर वाढली. बाबांनी ते पान आईच्या पानाशेजारी नेऊन ठेवलं आणि हात जोडून उभे राहिले. कावळा आला तो आधी त्याच पानावर. "बरां झालां," बाबा म्हणाले, "समाधान झालां बिचाऱ्याचां."

तेव्हापासून दर वर्षी चार पानं. जिवंत माणसाचं पान वाढू नये म्हणतात. तो माणूस नुसता चितारलेला असला, तरी मला माहीत आहे तो जिवंत आहे, डबे पोचवतोय. दर वर्षी उसळीचे वाटाणे भिजत घालताना मी ठरवते, की या खेपेला सांगून टाकायचं. सांगायला अर्धं मिनिट लागेल. पण सांगितलं, तर बाबा विचारतील, असं का केलंस गो? मग मला पाकळीचं काढावं लागेल. मग ते रडतील, देवळात रडले तसे, आणि चुकलो म्हणतील. समोर बसून रडणाऱ्या म्हाताऱ्या बापाला माफ करावंच लागतं. मला अजून करायचं नाही.