मोठ्या जावयाचा पहिला नंबर

सौंसरला माझ्या सासरी दरवर्षी मे महिन्यात दोन्ही जावयांना रसाचं जेवण असतं. गेली काही वर्षं त्या जेवणानंतर पुढच्या खोलीत, कूलरसमोर, ड्राफ्ट होतो. ड्राफ्ट म्हणजे काय हे मला आमच्या पांढुर्ण्यात इतक्या लोकांना समजावून सांगावं लागलं आहे की आता ते थोडक्यात जमतं.

माझा साळा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि घरूनच काम करतो. त्यानं एक गेम आणला. अमेरिकेत जो फुटबॉल खेळतात, चेंडू हातात घेऊन पळायचा आणि एकमेकांच्या अंगावर जायचं, त्याचा हा गेम. यात आपण खेळत नाही, आपण टीमचे मालक असतो. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, कोणाला किती पगार द्यायचा हे आपण ठरवायचं. सामना कॉम्प्युटर खेळवतो, मालकानं वाटलं तर मधूनमधून चाल सांगायची. दरवर्षी गेम नव्या पोरांची एक खेप तयार करतो. त्यांची नावं, गावं, कॉलेजं, वजनं सगळं बनावट. ती पोरं मालकांनी पाळीपाळीनं निवडायची, याला ड्राफ्ट म्हणतात. आणि यातला नियम असा की जो मालक सगळ्यात जास्त हरला, त्याचा पहिला नंबर. जो जिंकला, त्याचा शेवटचा. म्हणजे दुबळ्याला उभं राहायला संधी मिळते. नियम मला पहिल्या दिवसापासून आवडला, कारण त्यात हिशेब आहे.

आम्ही आठ मालक. साळा, त्याचे पाच मित्र, जे फोनवरून हजर असतात, आणि आम्ही दोन जावई. मी पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब पाहतो. माझे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, सौंसरचेच. ते संत्र्याचे बगीचे घेतात. फळ झाडावर असतानाच बगीच्यात एक चक्कर मारायची, नजरेनं अंदाज करायचा आणि सौदा ठोकायचा, हे त्यांचं काम. गेमही ते तसाच खेळतात. आवडला खेळाडू की तोंडाला येईल तो पगार, वर पूर्ण हमी.

दोन वर्षांपूर्वी माझी टीम आठपैकी आठवी आली. मी फारसा दुःखी नव्हतो, कारण त्या वर्षीच्या खेपेत एक क्वार्टरबॅक होता. चेंडू कोणाकडे फेकायचा हे जो ठरवतो तो क्वार्टरबॅक. सगळी टीम त्याच्यावर चालते. हा बनावट पोरगा बनावट कॉलेजातून आला होता, पण मी त्याचे आकडे दोन महिने पाहत होतो. लांब फेकीत साधारण, पण दबावाखाली त्याची चूक जवळजवळ होत नव्हती. असा खेळाडू अनेक वर्षांत एखादा निघतो. पहिला नंबर माझा होता. पोरगा माझाच होता.

साळ्यानं लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "चला. पहिला नंबर लहान्या भाऊजींचा."

दिवाणावर सासरे सुपारी कातरत बसले होते. त्यांना या खेळातलं काही कळत नाही. पण 'पहिला' आणि 'लहाना' हे दोन शब्द त्यांना एकत्र ऐकवले नाहीत.

"असं काहून? मोठे जावई समोर बसून राहिले अन् पहिला नंबर लहान्याचा? आपल्या घरात असं कधी झालं काय?"

साळा म्हणाला, "बाबा, हा गेम आहे."

"गेम असो का लगन असो. मान तो मान."

सासऱ्यांना मी दोष देत नाही. त्या घरात टिळा आधी मोठ्या जावयाला लागतो, रसाची पहिली वाटी त्यांना जाते, टॉवेल-टोपीही आधी त्यांनाच. मी अठरा वर्षं दुसऱ्या पाटावर बसलो आणि कधी तोंड वाकडं केलं नाही. पण साडभाऊंना नियम पूर्ण माहीत होता. त्यांनी हसून एवढंच म्हणायचं होतं की मामाजी, हा नंबर लहान्याचाच आहे. त्यांनी छातीवर हात ठेवला.

"मामाजीचा शब्द मी खाली कसा पडू देऊ?" असं म्हणून त्यांनी माझा क्वार्टरबॅक उचलला.

फोनवरचे मित्र हसले. एक म्हणाला, "घरचा मामला आहे बाप्पा, आपण काय बोलणार." मी साळ्याकडे पाहिलं, त्यानं लॅपटॉपकडे पाहिलं. मग साडभाऊ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लहाने, नाराज नका होऊ. मोठ्याच्या ताटातलं उरलेलंही गोड लागते."

सगळे पुन्हा हसले. माझी बायकोही हसली. मला दुसऱ्या नंबरवर एक धिप्पाड पोरगा मिळाला, जो सीझनच्या तिसऱ्या सामन्यात गुडघा मोडून बसला.

त्या वर्षी साडभाऊ चॅम्पियन झाले. मला त्यांनी दोनदा हरवलं आणि दोन्ही वेळा स्कोअरचा फोटो सासरच्या ग्रुपवर टाकला, जिथे माझ्या सासूबाईंनी न समजता हात जोडल्याची खूण पाठवली. माझी टीम पुन्हा आठवी आली.

मी वर्षभर काही बोललो नाही. पण रोज डबा खाऊन झाला की त्यांच्या टीमचे करार उघडून बसायचो. गेममध्ये सगळ्यांचे करार सगळ्यांना दिसतात, फक्त कोणी पाहत नाही. टीमच्या एकूण पगाराला दोनशे अंकांची मर्यादा आहे. चॅम्पियन झाल्याच्या आनंदात साडभाऊंनी जुन्या खेळाडूंना असे काही करार वाटले होते की त्यांचा भार एकशे त्र्याण्णववर गेला होता. शेवटच्या नंबरच्या नव्या पोराला दोनच अंक लागतात, तेव्हा त्यांना काळजी नव्हती. पण पहिल्या नंबरच्या पोराला अकरा लागतात, मग तो कोणीही असो. पगार पोराचा नसतो, नंबरचा असतो.

एकशे त्र्याण्णव आणि अकरा, दोनशे चार.

त्या बेरजेपाशी मी बराच वेळ बसलो. मग पुढचं पाहिलं. मर्यादा ओलांडली की गेम पुढची पाळी उघडत नाही. मालकाला आधी कोणाला तरी सोडावं लागतं. त्यांचे जुने खेळाडू पूर्ण हमीचे. सोडले तरी त्यांचा भार अंगावर राहतोच. किरकोळ खेळाडू काढावे तर टीममध्ये माणसं कमी पडतात आणि गेम तेही चालू देत नाही. नुकत्याच घेतलेल्या पोराला त्या वर्षी सोडता येत नाही. ड्राफ्ट चालू असताना अदलाबदल बंद असते. आणि ड्राफ्टमधून आलेल्या पोराच्या पगाराला हमी नसते. म्हणजे ज्याच्यावर हमी नाही आणि ज्याचा पगार भारी आहे असा एकच खेळाडू त्यांच्याकडे उरत होता. तो माझा होता.

सोडलेल्या खेळाडूवर पहिला हक्क आठव्या टीमचा. तो हक्क कॉम्प्युटर देतो. तिथे जावई मोठा की लहाना, हे कोणी विचारत नाही.

मागच्या मे महिन्यात आम्ही सकाळच्या बसनं सौंसरला गेलो. मी साडभाऊंना वाकून भेटलो. जेवताना त्यांची रसाची वाटी रिकामी दिसली की मीच सासूबाईंना सांगायचो, "मोठ्यांना वाढा."

"काय लहाने, आज लईच सेवा करून राहिले," साडभाऊ म्हणाले. "पोरगा पसंत करून ठेवला वाटते."

"आमची पसंती कुठं चालते, भाऊ?"

ते खूश होऊन हसले.

एकच अडचण आली. सासरे जेवून आत जाऊन आडवे झाले. साळ्यानं लॅपटॉप लावला, मित्र फोनवर आले, आणि सासरे नाहीत. त्यांच्याशिवाय माझा सगळा हिशेब शून्य होता. मी आत गेलो आणि त्यांच्या पायाशी बसून हाक मारली.

"मामाजी, तुम्ही बाहेर आल्याशिवाय सुरू कसं करावं?"

म्हाताऱ्या माणसाला इतकं बरं वाटलं की ते टोपी शोधायला लागले.

बाहेर साळ्यानं सुरुवात केली. "पहिला नंबर, लहाने भाऊजी."

"बरोबर," साडभाऊ घाईनं म्हणाले. त्यांना अकरा अंकांचं माहीत नसावं. त्यांना फक्त वर्षाआड आपलं मन मोठं दाखवायचं होतं. "यंदा नियमानंच होऊ द्या. मागच्या वर्षी मी घेतला, यंदा लहान्यानं घ्यावा."

"नाही भाऊ," मी म्हटलं. "मागच्या वर्षी मामाजी बोलले, ते काय एका वर्षापुरतं बोलले? मोठे जावई बसले असताना मी पहिला नंबर घेतला तर बरं दिसन काय?"

सासऱ्यांनी मान हलवली. "लहान्यानं लाखाची गोष्ट केली."

साळा माझ्याकडे पाहत राहिला. तो हुशार आहे. त्यानं बाजूची एक खिडकी उघडली, आकडे पाहिले, आणि ती बंद केली.

साडभाऊ अजून आढेवेढे घेत होते, तेवढ्यात त्यांची बायकोच दारातून म्हणाली, "घ्या ना आता. इतका मान देऊन राहिले ते, तर तुमचे नखरे."

त्यांनी घेतला. नजरेनंच, त्यांच्या सवयीप्रमाणे. एक उंच, देखणा आकड्यांचा, चेंडू झेलणारा पोरगा. घरातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग स्क्रीनवर लाल पट्टी आली.

"हे काय होय?" साडभाऊ म्हणाले.

"लिमिटच्या वर गेले तुम्ही," साळा म्हणाला. "चार अंकानं. कोणाला तरी सोडा, तवाच पुढं जाईन."

त्यांनी एकाचं नाव सांगितलं. साळा म्हणाला, हमी आहे. दुसऱ्याचं सांगितलं. हमी. तिसऱ्याचं, चौथ्याचं. फोनवरून एक मित्र म्हणाला, "अरे, सोडायला तर तो एकच दिसून राहिला." साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि कूलर तर त्यांच्याच तोंडावर होता.

"लहाने, तुम्ही हे मागच्या मे महिन्यापासून शिजवून राहिले होते काय?"

"नाही भाऊ, जूनपासून. मे महिनाभर तर नुसता राग येऊन राहिला होता."

त्यांनी त्याला सोडलं. साळ्यानं बटण दाबलं, मी माझ्या मोबाइलवर हक्क लावला, आणि क्वार्टरबॅकचं नाव माझ्या टीमखाली आलं. इतका आनंद मला स्वतःच्या बढतीच्या वेळीही झाला नव्हता. हे मी बायकोलाही सांगितलं आहे.

हे इथेच संपलं असतं. पण सासऱ्यांना जावयाचा उतरलेला चेहरा दिसला. त्यांनी साळ्याला विचारलं, "मान देला तर याचं तोंड असं काहून झालं? हा पहिला नंबर असते तरी कोणाचा?"

साळा म्हणाला, "जो सगळ्यात मागं राहिला, त्याचा असते बाबा. त्याला वर यायला भेटावं म्हणून."

"म्हणजे मागच्या वर्षी लहान्याचा होता?"

"हो."

"अन् मोठ्याला हे मालूम होतं?"

साळा लॅपटॉपवर काहीतरी टाइप करायला लागला. सासऱ्यांनी अडकित्ता खाली ठेवला. ते शेतकरी माणूस. मागं राहिलेल्याचा वाटा म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी साडभाऊंसाठी कातरलेली सुपारी परत डब्यात टाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, मग तुम्ही तवा काहून नाही बोलले?"

मला तेव्हा विषय हसण्यावारी नेता आला असता. साडभाऊ माझ्याकडे त्याच आशेनं पाहत होते.

"मी लहाना जावई आहे, मामाजी," मी म्हटलं.

साडभाऊ विडा न खाता गेले. पांढुर्ण्याच्या बसमध्ये बायको म्हणाली, "ताई स्वयंपाकघरात डोळे पुसून राहिली होती. एका खोट्या पोरासाठी एवढं करतेत काय?"

"पोरगा खोटा आहे. नंबर खरा होता."

ती खिडकीकडे तोंड करून बसली, घर येईपर्यंत. दोन दिवस भाजीत मीठ कमी होतं. तेही मी खाल्लं.

सीझन जुलैत सुरू झाला आणि पहिलाच सामना साडभाऊंच्या टीमशी आला. माझ्या क्वार्टरबॅकनं दबावाखाली एकही चूक केली नाही. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा मी सतरा गुणांनी पुढे होतो. अशा वेळी चेंडू धरून वेळ जाऊ देतात. तशी रीत आहे आणि त्यासाठी गेममध्ये वेगळं बटण आहे. समोर साडभाऊ ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका दिसत होता. मी ते बटण दाबलं नाही. लांब फेक निवडली, आणि गरज नसताना आणखी एक टचडाउन केला, म्हणजे वर आणखी सहा गुण.

फोटो मी ग्रुपवर टाकला. सासूबाईंनी हात जोडले.